नगरला समुद्र आला तेव्हा

किस्से जमवावे लागतात असं कुणी म्हणालं, तर समजावं की या माणसाने संस्थेत नोकरी केलेली नाही. मी केली. मी काही जमवायला गेले नाही. संध्याकाळी घरी येऊन पर्स उपडी केली की पेनड्राईव्ह, किल्ल्या, बडीशेपेची पुडी आणि एखादा किस्सा, एवढं पडायचंच. सुरुवातीला नवऱ्याला सांगायचे. तो म्हणायचा, "थापा मारतेस." मग मैत्रिणींना सांगायला लागले. त्याही तेच म्हणाल्या. आता तुम्ही म्हणा. माझी हरकत नाही, पण चहा संपेपर्यंत ऐका.

संस्था नगरमधली. जिल्ह्याचं नाव बदललं, बोर्ड बदलले, तरी माझ्या तोंडातून नगरच निघतं, त्याला इलाज नाही. मी आधी कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचे. संस्थेला लॅपटॉप सांभाळायला कुणीतरी हवं होतं म्हणून मला घेतलं. आमचे सर पुण्याचे. सोमवारी यायचे, शुक्रवारी दुपारी जायचे आणि मधल्या दिवसांत आम्हाला शहाणं करायचे.

एकदा सर परदेशातल्या कुठल्याशा परिषदेला जाऊन आले आणि येताना एक गेम घेऊन आले. आठ लॅपटॉप एकमेकांना जोडायचे, प्रत्येकासमोर एक खेळाडू. भिंतीवरच्या पडद्यावर समुद्र. एकाकडे मासेमारी, एकाकडे जहाजं, एकाकडे पवनचक्क्या, एकाकडे पर्यटन, एकाकडे मंजुरी देणारं सरकार. सगळ्यांनी मिळून ठरवायचं की समुद्राच्या कुठल्या तुकड्यात कुणी काय करायचं. ठरलं की गेम वर्षं पुढे ढकलतो आणि दाखवतो, मासे राहिले की मेले, जहाजं पोचली की आपटली. गेम वाईट नव्हता. ज्यांच्या दारात समुद्र आहे त्यांच्या उपयोगाचा असेल. आमच्या दारात टँकर येत होता.

"सर, आपल्याकडे समुद्र नाही," मी पहिल्याच दिवशी म्हणाले.

सरांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू तो मीच कुठेतरी लपवून ठेवलाय. "मॅडम, तुम्ही पाणी बघताय. प्रोसेस बघा, प्रोसेस!"

मी प्रोसेस बघायला लागले.

*

पहिला प्रयोग पारनेरकडच्या एका गावात. समाजमंदिराचा हॉल, जनरेटर, आठ लॅपटॉप आणि बाजरी-मटकीवाले शेतकरी. त्यांच्यात एक तात्या होते. धोतर, टोपी, कानात अत्तराचा बोळा. त्यांना सरांनी पवनचक्कीवाला केलं, कारण त्यांच्या गावच्या डोंगरमाथ्यावर खऱ्या पवनचक्क्या आहेत.

तात्यांनी पडदा बराच वेळ न्याहाळला. "साहेब, हे पानी हुबं हाय का वाहतंय?"

"वाहतंय. ते निळे बाण दिसतात ना, ते प्रवाह."

"जातं कुठं?"

"पुढे. खुल्या समुद्रात."

ज्यांनी आयुष्यभर डोक्यावरून माती वाहून बंधारे घातले, त्यांच्यासमोर हा गृहस्थ सांगतोय की एवढं पाणी नुसतं निघून चाललंय आणि आपण समन्वय करू या.

"आन तुमी बघत बसलाय?" तात्या म्हणाले.

पुढच्या दहा मिनिटांत जे झालं ते सरांना कळायच्या आत झालं. गेममध्ये बंधारा नव्हता. मग तात्यांनी पवनचक्क्या उचलल्या आणि एकीला एक चिकटवून, ह्या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत ओळ लावली. जहाजवाला म्हणून बसलेला शेतकरी जहाजं सोडून मदतीला आला. पर्यटनवाल्याने आपले किनारे देऊन टाकले. ज्या सहमतीसाठी परदेशात आठवडा लागतो म्हणे, ती आमच्या पारनेरकरांनी तंबाखू मळता मळता केली. सगळ्यांनी मिळून समुद्राला बांध घातला!

लॅपटॉप केकाटायला लागले. जहाजं बांधाला टेकून उभी. सर इकडून तिकडे पळतायत. "अहो तात्या, जहाजं अडकली!"

"त्यास्नी म्हनावं वरल्या अंगानं जा. पानी अडलं का न्हाई ते सांगा!"

सरांनी रिपोर्टमध्ये लिहिलं, 'सहभागींनी सीमांकनाबाबत उल्लेखनीय एकजूट दाखवली.' तिसऱ्या दिवशी मला तात्यांचा फोन. "मॅडम, बांध टिकला का?"

"टिकला, तात्या," मी म्हणाले. एवढ्या कष्टाने घातलेला बांध, मी कशाला फोडू?

*

सरांच्या रिपोर्टांचं एक सांगायलाच हवं. गेम संपला की तो आपोआप आकडे काढायचा आणि सर ते तसेच छापून, रंगीत करून, स्पायरल बाइंडिंगसकट एका सरकारी ऑफिसला पाठवायचे. कुठल्या ते विचारू नका. त्या ऑफिसात आलेला कागद कुणी वाचत नाही, पुढे ढकलतात. एक रिपोर्ट चुकून कुणीतरी वाचला.

त्यात होतं, 'बोटिंग वाढवल्यामुळे देवमाशांच्या संख्येत चिंताजनक घट.'

महिन्याभरात उत्तर आलं. 'सदर देवमासे मृत झालेबाबत त्वरित स्थळपाहणी करून पंचनाम्यासह अहवाल सादर करावा.'

नगर जिल्ह्यात! देवमाशांचा पंचनामा!

पत्र घेऊन त्याच ऑफिसचे भाऊसाहेब आले. रिटायरमेंटला आलेले क्लार्क, गळ्यात चष्म्याची दोरी. मला वाटलं हसतील. कसले हसतायत! खुर्ची ओढून बसले, कागद काढला, कार्बन घातला. "मॅडम, देवमासे कुठं हायेत?"

"लॅपटॉपमध्ये."

"उघडा."

उघडला. त्यांनी वाकून बघितलं, मोबाईलवर फोटो काढला आणि लिहायला घेतलं. 'समक्ष पाहणी केली असता देवमासे दोन जिवंत मिळून आले. उर्वरित मिळून आले नाहीत. जागेवर दुर्गंधी नाही.' पंच म्हणून मी आणि खालचा चहावाला. चहावाल्याने सही करताना विचारलं, "हे कशाचं हाय?" भाऊसाहेब म्हणाले, "माशाचं हाय, कर सही."

अहवाल दप्तरी दाखल झाला. मी भाऊसाहेबांना म्हटलं, "अहो, पण हे सगळं खोटं आहे ना?"

ते शांतपणे टोपण लावत म्हणाले, "मॅडम, आमच्याकडं कागुद एकदा आत गेला की तो खरा. मग त्यो ब्रह्मदेवाला बी बाहेर काढता येत न्हाई." तेव्हा मी हसले. नंतर हे वाक्य मला फार उपयोगी पडलं.

*

गेममध्ये एक कुलूप होतं. तुम्ही एखादा तुकडा घेतला की त्यावर कुलूप मारायचं. मारलं नाही तर दुसरा येऊन घेऊ शकतो. आणि मारलेलं कुलूप फक्त मारणाऱ्यालाच काढता येतं, तेही कारण देऊन. सर यावर अर्धा तास बोलायचे.

एका बॅचला शिंगणापूरचे एक गृहस्थ होते. देवळापाशी तेलाचं आणि रुईच्या माळांचं दुकान. त्यांनी तुकडे घेतले आणि मांडी घालून बसून राहिले.

"कुलूप मारा," मी म्हणाले.

"आमच्यात मारत न्हाईत."

"अहो, हा गेम आहे."

"आसूद्या की. घराला न्हाई मारत, तर गेमला कशाला?"

सर खूश! आता या भोळ्या माणसाला सगळे लुटणार आणि सर धडा शिकवणार. घड्याळ सुरू झालं. खेळाडूंनी एकमेकांचं ओरबाडायला सुरुवात केली. मास्तरांनी सरपंचांचं बंदर घेतलं, सरपंचांनी बचतगटाच्या ताईंचा किनारा घेतला. आणि शिंगणापूरकरांचे तुकडे? उघडे, मोकळे, समुद्राच्या मधोमध. त्यांच्याकडे कुणाच्या माऊसचा बाण जाईना. गेला तरी कडेने वळून परत येई. शेवटी सरच म्हणाले, "अहो, घ्या ना कुणीतरी!"

सरपंच म्हणाले, "तुमी घ्या की."

सरांनीही घेतले नाहीत. शिंगणापूरकर पहिले आले. सरांनी लिहिलं, 'विश्वासाधारित व्यवस्थापनाचं आदर्श उदाहरण.'

गंमत पुढे आहे. निघताना त्या गृहस्थांचा मोबाईलचा चार्जर सापडेना. सगळ्यांनी हॉल पालथा घातला. शेवटी सापडला सरांच्या बॅगेत. चुकून गेला होता, हे खरं. पण त्या शुक्रवारी सर पुण्याला गेले नाहीत. शनिवारी शिंगणापूरला जाऊन तेल घालून आले, आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, 'फील्ड व्हिजिट.'

*

आता अण्णा. अण्णा श्रीगोंद्याकडचे. एका साखर कारखान्याचे संचालक. गळ्यात तुळशीची माळ, अंगात पांढरी शुभ्र खादी आणि आवाज असा की माईक लावायची गरज नाही. अण्णांबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची. अण्णा हरत नाहीत. पत्त्यात नाही, कॅरममध्ये नाही, सोसायटीच्या इलेक्शनमध्ये तर नाहीच. हरायला लागले की अण्णा खेळ संपू देत नाहीत.

आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा त्यांना जहाजं मिळाली. अण्णांनी ताबडतोब कारखान्याची पद्धत लावली. समुद्रात जहाजांचा 'तोडणी प्रोग्रॅम'! ज्याला टोकन त्याचं जहाज आत, बाकीचे लायनीत. बंदराबाहेर जहाजांची रांग अशी लागली, जशी सीझनला कारखान्याच्या गेटवर उसाच्या ट्रॅक्टरांची लागते. आणि टोकन कुणाला? तर जो अण्णांना मत देईल त्याला. मधल्या मधे एका जहाजावरचा माल नासला. गेमने लाल दिवा लावला.

"ते विरोधातलं हाय," अण्णा म्हणाले. "सुकू दे जरा."

सर माझ्या कानात कुजबुजले, "वॉव! क्यू मॅनेजमेंट!"

तरीही अण्णा हरले. पवनचक्कीवाल्या शाळामास्तरांनी त्यांना हरवलं. अण्णांनी घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ताई, हे ट्रायल झालं. आता सुरू करा."

सुरू केलं. परत हरले. "आता शिकलो. आता खरं सुरू करा."

जेवणाची वेळ टळली. ताटं झाकून ठेवलेली. पाचव्या डावाला भुकेने कासावीस झालेल्या मास्तरांनी स्वतःच्या हाताने आपल्या सगळ्या पवनचक्क्या काढून टाकल्या. अण्णा जिंकले. मग उठून सगळ्यांना स्वतः वाढलं, मास्तरांना दोन गुलाबजाम जास्त. म्हणाले, "चांगले खेळता वो तुमी. फक्त दम कमी पडतो."

*

इथवर सगळी मजा होती. मीही हसत होते. पण मग त्या ऑफिसने सरांना एक खरं काम दिलं आणि माझं हसू गेलं.

जिल्ह्यातल्या एका धरणाचा आराखडा करायचा होता. नाव सांगत नाही, तिथले लोक मला अजून ओळखतात. धरणाच्या पाण्यात कुठे बोटिंग, कुठे पाणी उपसायच्या मोटारी, कुठे जाळी, हे 'लोकसहभागातून' ठरवा, असा हुकूम. ऑफिसला सहभागाची घाई नव्हती, कागदाची होती. सर म्हणाले, "गेम आहे ना आपल्याकडे!" मी धरणाचा नकाशा स्कॅन करून समुद्राच्या जागी बसवला. देवमासे मात्र काढता येईनात. ते राहिले.

नियम असा ठरला की एक दिवस सराव, आणि आठ दिवसांनी अंतिम डाव. अंतिम डावाचा जो नकाशा निघेल, त्याखाली सगळ्यांच्या सह्या, आणि तो तसाच ऑफिसात जमा.

त्या धरणाच्या फुगवट्यात एक उथळ वळण आहे, म्हशीची कड म्हणतात. पावसाळ्यात गाभोळीचे मासे अंडी घालायला तिथे येतात. काठावर भोई लोकांची तीसेक घरं. त्यांची जाळी तिथे पिढ्यान्‌पिढ्या. धरणाच्या आधी नदीत, नंतर धरणात. आणि तीच कड अण्णांच्या पुतण्याला हवी होती. विकीशेठ. त्याला तिथे बोट क्लब काढायचा होता. स्पीडबोटी, बनाना बोट, डीजे.

जागा बघायला आम्ही गेलो होतो. साळूबाई आम्हाला होडीतून घेऊन गेली. वस्तीतली सगळ्यात जुनी मासेवाली, साठीची, नवरा नाही, होडी स्वतः वल्हवते. विकीशेठने लाइफ जॅकेटावर दुसरं लाइफ जॅकेट घातलं होतं. दोन्ही हातांनी होडीची कड धरून बसलेला, डोळे मिटलेले. पाणी तिथे कमरेएवढं होतं. साळूबाईने विचारलं, "काय रं बाबा, पवता येत न्हाई व्हय?" तो म्हणाला, "मला पाण्याची आवड आहे, मावशी. स्विमिंगची नाही." अण्णा काठावरून फोटो काढत होते.

सरावाच्या दिवशी साळूबाईला मासेमारीचा लॅपटॉप दिला. तिने माऊस आयुष्यात पहिल्यांदा हातात धरला. बाण सरकवायला जायची तो पडद्याबाहेर पळायचा. पर्यटनाच्या लॅपटॉपवर अण्णा. दुसऱ्या मिनिटाला त्यांनी म्हशीची कड घेतली.

"अवो, तितं आमची जाळी हायेत," साळूबाई म्हणाली.

"मावशी, क्लिक करा, बोलू नका," सर म्हणाले. "गेममध्ये बोलणं धरत नाहीत."

तिने माझ्याकडे बघितलं. "बाई, ह्ये घड्याळ जरा थांबवता येत न्हाई का?"

मी म्हणाले, "नाही, मावशी."

खोटं बोलले. पॉजचं बटन माझ्याच हाताखाली होतं. सरांनी सांगितलं होतं की दाबायचं नाही, म्हणून दाबलं नाही. वेळ संपली. कड नारिंगी झाली, म्हणजे बोटिंगची. पडद्यावर टाळ्यांचा आवाज आला. तो गेममध्येच असतो. जाताना साळूबाई म्हणाली, "बाई, हितं न्हाई घावलं, तर आमी जाळं कुठं टाकायचं? रस्त्यावर?" मला स्वतःची एवढी लाज वाटली की त्या दिवशी मी घरी कुणालाच किस्सा सांगितला नाही.

*

अंतिम डावाच्या आदल्या दिवशी सरांनी कुठलातरी व्हिडिओ बघितला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलमध्ये जाहीर केलं, "आज रोल रिव्हर्सल! प्रत्येकाने दुसऱ्याची भूमिका करायची. दुसऱ्याचं दुःख समजलं पाहिजे!"

चिठ्ठ्या काढायच्या ठरल्या. चिठ्ठ्या मी लिहिल्या, स्टीलचा डबा मी फिरवला. यापुढे या बाबतीत मला काही विचारू नका.

विकीशेठला पर्यटन आलं. साळूबाईला सरकार, म्हणजे तिने फक्त मंजूर-नामंजूर म्हणायचं, बटन मी दाबणार. आणि अण्णांनी चिठ्ठी उघडली तर मासेमारी!

"शिव शिव शिव!" अण्णा ओरडले. "अहो, मी माळकरी मानूस. मी मासं धरू?"

"फक्त गेममध्ये, अण्णा," सर म्हणाले. "नको असेल तर दुसऱ्याला देतो. मग तुम्ही नुसतं बघा."

नुसतं बघा! अण्णा खाली बसले. "बघायला मी काय पाहुना हाय का? आना हिकडं."

घड्याळ सुरू झालं. विकीशेठने पहिल्याच झटक्यात म्हशीची कड घेतली आणि कुलूप मारायचं सोडून काकांकडे बघून हसला. तो हसला नसता तर बरं झालं असतं त्याच्यासाठी. अण्णांच्या स्क्रीनवर पाटी आली, 'मासेमारी: शेवटचा क्रमांक.'

"कुनाला इचारून घेतली रे?" अण्णा.

"काका, आपलं ठरलंय ना..."

"खेळात काका न्हाई!"

अण्णा साळूबाईकडे वळले. "मावशी, मासं तितं कधी येतं?"

"मिरगानंतर. अंडी घालाया. पानी उथळ लागतं त्येला. बोटीचा धक्का बसला की मादी फिरती ती परत येत न्हाई."

"आन दुसरीकडं?"

"दुसरीकडं खडक हाय. जाळं फाटतं."

ही माहिती साळूबाई दोन वर्षं धरणाच्या प्रत्येक मीटिंगमध्ये सांगत होती. त्याच मीटिंगांना अण्णा अध्यक्ष होते. आज ती अण्णांच्या कानात शिरली, कारण आज अण्णांना तिच्यावर मार्क होते.

मग अण्णा सुटले. मोटारवाल्यांना दम दिला, जंगलखात्याच्या साहेबांना कारखान्याचं टोकन कबूल केलं, सगळ्यांना आपल्या बाजूला ओढलं. विकीशेठ एकटा पडला. धरणाच्या डावात नियम असा की सगळे एका बाजूला आणि सरकार मंजूर, तर कुलूप नसलेला तुकडा हलतो. साळूबाई म्हणाली, "मंजूर." मी बटन दाबलं. कड निळी झाली, म्हणजे मासेमारीची. आता फक्त कुलूप मारायचं राहिलं, आणि घड्याळात सात सेकंद. अण्णांचा बाण पडद्याबाहेर पळाला. विकीशेठचा बाण कडेवर येऊन थांबला.

मी पॉज दाबलं.

"काय झालं?" सर ओरडले.

"हँग झालंय, सर," मी म्हणाले. अण्णांपाशी गेले, बाण शोधून कुलपावर आणून दिला, माऊस त्यांच्या हातात दिला, परत येऊन पॉज काढलं. अण्णांनी कुलूप मारलं. टाळ्या वाजल्या. गेमच्या, आणि या वेळी हॉलच्याही.

पडद्यावर आलं, 'विजेता: मासेमारी.' अण्णा उठून उभे राहिले, दोन्ही हात जोडले, जसे मतमोजणीनंतर जोडतात. आणि त्याच भरात मी छापून दिलेल्या नकाशाखाली पहिली सही ठोकली. सर डोळे पुसत होते. "बघितलंत मॅडम? सहानुभूती! अण्णांच्या मनात सहानुभूती जागी झाली!"

बाकीच्यांच्या सह्या-अंगठे घेऊन मी नकाशा लॅमिनेट केला आणि त्याच दुपारी भाऊसाहेबांच्या हातात दिला. त्यांनी बघितलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, आणि शिक्का मारून आत टाकला.

*

चौथ्या दिवशी अण्णा आणि विकीशेठ आमच्या संस्थेत हजर. विकीशेठ फणफणलेला. बोटींची बोलणी झाली होती, उद्घाटनाला नटी ठरली होती. सर त्या दिवशी पुण्यात होते. हॉलमध्ये मी, आणि साळूबाई. ती नकाशाच्या झेरॉक्सवर आपला अंगठा कुठे उमटला ते बघायला आली होती. कोपऱ्यात बसून चहा पीत होती.

"ताई," अण्णा खुर्चीत बसत म्हणाले, "त्या दिवशीचं ते ट्रायल समजा. आता परत खेळू."

"खेळता येईल की अण्णा. भाऊसाहेबांना विचारलंय मी. ते म्हणाले, आत गेलेला कागद बाहेर येत नाही. पण कुलूप मारणाऱ्यानेच कुलूप काढलं, तर त्याचा नवा कागद जोडता येतो."

"मग काढा!" विकीशेठ म्हणाला.

मी लॅपटॉप उघडला, धरण आणलं, म्हशीच्या कडेवर क्लिक केलं. खिडकी उघडली. मी लॅपटॉप अण्णांकडे फिरवला.

"कारण निवडावं लागतं, अण्णा. त्याशिवाय निघत नाही. दोनच दिलीत. 'माघार घेतो' आणि 'हरलो'. यातलं कुठलं दाबू? तुमचं नाव खाली आपोआप छापून येतं."

अण्णांनी चष्मा लावला. वाचलं. काढला. परत लावला, परत वाचलं. साळूबाईने बशी खाली ठेवली. मी माऊस धरून बसले.

"काका, दाबा ना काहीतरी!" विकीशेठ म्हणाला. "कोण वाचतंय ते!"

अण्णा हळूच त्याच्याकडे वळले. त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, बराच वेळ, जणू आज पहिल्यांदाच बघतायत. मग म्हणाले,

"विक्या, तुला पवता तरी येतं का रे?"